ब्लॉकेज नाही, मग दम का लागतो?

"डॉक्टर, अँजिओग्राफी करून आलो. एकही ब्लॉकेज नाही!" असं म्हणत पेशंट पिशवीतून फाइल आणि सीडी काढतो. सोबतच्या मुलाचा चेहराही मोकळा झालेला असतो. कांदा विकून आलेल्या पैशातून चांदवडहून नाशिकला जाऊन केलेली तपासणी 'नॉर्मल' आली, म्हणजे हृदय ठणठणीत, असा सरळ हिशोब. मग मी विचारतो, "दम लागायचा थांबला का?" उत्तर येतं, "नाही ना. रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही."

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या विहिरीवर मोटर आहे. पाणी कमी यायला लागलं आणि वायरमनने केबल तपासून "केबल चांगली आहे" असं सांगितलं, तर तुम्ही मोटर चांगली आहे असं धरून चालाल का? अँजिओग्राफीत हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या नळ्या दिसतात. ती केबलची तपासणी आहे. मोटर म्हणजे हृदयाचे खालचे दोन कप्पे, ज्यांना आम्ही व्हेंट्रिकल म्हणतो. उजवा कप्पा फुप्फुसांकडे रक्त पाठवतो, डावा सगळ्या शरीराला. या कप्प्यांचा स्नायूच बिघडला, तर त्याला कार्डिओमायोपॅथी म्हणतात. स्नायू ताणून पातळ होतो, जाड होतो किंवा ताठर होतो. नळ्या मात्र स्वच्छ असू शकतात.

अँजिओग्राफीच्या टेबलावरच नळी डाव्या कप्प्यात सरकवून, औषध सोडून त्याचं आकुंचन चित्रित करता येतं. पूर्वी हे सर्रास करायचे. आता टू-डी इकोमुळे त्याची गरज कमी झाली आहे. इकोत सुई नाही, भूल नाही, क्ष-किरण नाहीत. छातीवर जेल लावून ध्वनिलहरींनी धडधडतं हृदय पडद्यावर बघायचं, एवढंच.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. चालताना दम, आडवं झाल्यावर दम, पायावर सूज, अशा तक्रारींत आधी टू-डी इको करा आणि त्यानंतर लागली तरच अँजिओग्राफी. (छातीत दुखून अटॅक आला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे एक मिनिटही घालवू नका.)

हे मी एका चुकीतून शिकलो. तीन आठवड्यांची बाळंतीण आली होती. थकवा, धाप, पाय सुजलेले. सासूबाई म्हणाल्या, "ओली बाळंतीण आहे, अशक्तपणा असायचाच." मलाही ते पटलं आणि मी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. पाच दिवसांनी ती रात्रभर उशीला टेकून बसून काढत होती. तेव्हा इको केला, पंपिंग २५ टक्के. बाळंतपणाच्या शेवटच्या महिन्यापासून नंतरच्या पाच महिन्यांपर्यंत हृदयाचा स्नायू असा अचानक कमजोर होऊ शकतो. वेळेत औषधं मिळाली तर अनेक जणी सावरतात, तीही सावरली. पण ते पाच दिवस माझ्या खात्यावर आहेत. बाळंतिणीला आडवं झाल्यावर दम लागत असेल तर "अशक्तपणा" हा शब्द घरात कुणालाही वापरू देऊ नका, डॉक्टरलाही नाही.

आता रिपोर्टमधला तो आकडा. 'पंपिंग ६० टक्के' वाचून लोक घाबरतात, उरलेले ४० टक्के कुठे गेले? कुठेही गेले नाहीत. निरोगी हृदयही प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यातलं साधारण ५५ ते ७० टक्के रक्तच बाहेर टाकतं. शंभर कुणाचंच नसतं.

उलटा घोटाळा जास्त धोक्याचा. पंपिंग ७० म्हणजे उत्तम, असं समजून फाइल बंद होते. पण स्नायू जाड होण्याच्या आजारात पंपिंग नॉर्मल किंवा जास्तच असतं! तिथे बघायचं ते भिंतीच्या जाडीकडे. ती साधारण ११ मिलिमीटरपर्यंत असते. ब्लडप्रेशर किंवा झडपेचा आजार नसताना १५ किंवा त्याहून अधिक भरली तर या आजाराचा संशय पक्का होतो. साधारण ५०० माणसांत एकाला तो असतो, आणि बऱ्याचदा तो घराण्यातून येतो. हैदराबादच्या सीसीएमबीतल्या संशोधकांनी २००९ मध्ये हृदयाच्या स्नायूच्या एका जनुकातला बदल प्रसिद्ध केला. तो भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो. तो असलेल्या प्रत्येकाला आजार होतो असं नाही, पण ही दुखणी परक्यांची नाहीत एवढं नक्की.

पहाटे हायवेच्या कडेने पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं बघितली की मला हेच आठवतं. सगळ्यांचा इको करा असं मी म्हणणार नाही, तो पैशाचा अपव्यय ठरेल. पण ज्याच्या घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे, किंवा जो धावताना चक्कर येऊन पडला आहे, त्याचा इको झाल्याशिवाय त्याला मैदानावर पाठवू नका. एका भावाला हा आजार निघाला तर आई, वडील, भावंडं, मुलं, सगळ्यांची तपासणी करायची. पहिला रिपोर्ट नॉर्मल आला तरी वाढत्या वयाच्या मुलांची ठरावीक काळाने पुन्हा.

"इकोचं मशीन गावात का आणत नाही?" असंही विचारतात. सोनोग्राफीची फिरती यंत्रं गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याच्या बंधनांत येतात. ही बंधनं कुणाच्या करणीमुळे आली ते आपल्याला ठाऊक आहे, म्हणून तक्रार कुणाकडे करायची?

एमआरआय सगळ्यांना लागत नाही. इकोत चित्र धूसर असेल, किंवा स्नायूत व्रण आहेत का हे जाणायचं असेल, तर तो सांगितला जातो. तिथे दिलेलं औषध व्रणाच्या जागी रेंगाळतं आणि तो भाग उजळ दिसतो. किडनीचा त्रास किंवा पेसमेकर असेल तर आधी सांगा.

आणि जुना इको रिपोर्ट फेकू नका. आज ४० टक्के पंपिंग असलेला पेशंट समोर बसतो, तेव्हा ते गेल्या वर्षी २५ होतं की ५५, यावर माझी पुढची चिठ्ठी ठरते.