तीन भाऊ आणि साठ लाख परार्ध

मंडळी, आम्हां रसायनवाल्यांची एक लाडकी संख्या आहे, अॅव्होगाड्रो संख्या. मुलांच्या हायस्कूलच्या पुस्तकात ती 6.022 गुणिले दहाचा तेविसावा घात अशी आटोपशीर छापलेली असते. पूर्ण लिहिली तर ती अशी:

602214076000000000000000

चोवीस अंक झाले. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. 1150) एकापासून परार्धापर्यंत 18 स्थानांची नावे आहेत. त्या हिशेबाने वाचायचे तर साठ लाख बावीस हजार एकशे चाळीस परार्ध, सात मध्य, सहा अंत्य. घरी आजी-आजोबा आलेले असतील तर मुलांकडून ही नावे जरूर म्हणवून घ्या. मिलियन-बिलियनपेक्षा कानाला बरी लागतात.

कार्बन-12 चे इतके अणू घेतले की वजन 12 ग्रॅम भरते. पाण्याचे इतके रेणू म्हणजे जेमतेम चार चहाचे चमचे.

आता या अणूंची तीन भावांत समान वाटणी करू. शाळेतली कसोटी आठवते ना? अंकांची बेरीज करायची. ती येते 28, म्हणजे तिनाने भाग जात नाही, एक अणू उरतो. (आपल्याकडे एवढ्यावरून कोर्टकचेरी व्हायची!) सातानेही भाग जात नाही, अकरानेही नाही. संख्या घन आहे का, तेही पाहू. शेवटची पंधरा शून्ये म्हणजे एक लाखाचा घन, तेव्हा राहिलेला 602214076 हाही घन हवा. पण 844 चा घन 60,12,11,584 आणि 845 चा 60,33,51,125. आपली संख्या मधेच लटकते.

पण हे गुण निसर्गाचे म्हणावेत का? 2019 पर्यंत ही संख्या मोजावी लागे. सिलिकॉनचे किलोभर वजनाचे अतिशय गुळगुळीत गोळे करून, क्ष-किरणांनी अणूंमधले अंतर मोजून शास्त्रज्ञ इथवर पोचले. तरीही शेवटच्या 6 मध्ये सुमारे सहाची कमी-जास्त शक्यता उरलीच. मग 16 नोव्हेंबर 2018 रोजी व्हर्सायला देशोदेशींच्या प्रतिनिधींनी मतदान केले आणि 20 मे 2019 पासून ही संख्या कायमची ठरली. मोजणी जिथे थांबली तिथून पुढे शून्यांची रांग लावली. त्या 6 च्या जागी 5 ठेवला असता तर बेरीज 27 झाली असती आणि भावांचा तंटाच मिटला असता!

फॉक्स आणि हिल या अमेरिकन प्राध्यापकांनी 2007 मध्ये सुचवले होते की घनसंख्याच निवडा. म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे 8 कोटी 44 लाख अणू असलेला ठोकळा मुलांच्या डोळ्यांपुढे उभा करता येईल. आम्हाला ही कल्पना फार आवडते. पण ती मानली गेली नाही.

संख्या ठरवून टाकल्यामुळे वरचे 12 ग्रॅम मात्र आता नेमके राहिले नाहीत, ते मोजावे लागतात. फरक इतका बारीक, की प्रयोगशाळेतल्या चांगल्या तराजूलाही कळत नाही. मुलांनी परीक्षेत 12 च लिहावे.