वंशावळीचा दाखला

इराणचा बादशहा सायरस याने बाबिलोन जिंकल्यावर, इ.स.पू. ५३८च्या सुमारास, तेथे हद्दपारीत खितपत पडलेल्या यहुद्यांना स्वदेशी परतून जेरुसलेमचे उद्ध्वस्त मंदिर पुन्हा उभारण्याची मुभा दिली; परंतु त्या परतीची हकीकत सांगणाऱ्या एज्राच्या ग्रंथात वाटेवरील हालअपेष्टांपेक्षा कुटुंबांची गणतीच अधिक तपशिलाने आली आहे. एकंदर ४२,३६० माणसांच्या त्या यादीत आपले मूळ घराणे सिद्ध करू न शकलेली कुटुंबेही आहेत, आणि ज्या याजकांची नावे वंशावळीत सापडली नाहीत त्यांना याजकपदापासून दूर ठेवल्याची नोंदही आहे.

नोंदींची ही आस्था निष्कारण नव्हती. मंदिराचे काम कोणाच्या परवानगीने चालले आहे, अशी विचारणा सुभेदार तत्तनय याने केली तेव्हा दारयावेश बादशहाच्या हुकुमाने दप्तरे धुंडाळण्यात आली, एक्बाताना येथे सायरसच्या फर्मानाची नोंद हाती लागली, आणि त्याच आधारावर इ.स.पू. ५१५च्या सुमारास मंदिर पूर्णत्वास गेले. राजसत्ता गमावलेल्या समाजाला कागदाने असे तारल्यावर त्याने कागदावर भिस्त ठेवावी, हे स्वाभाविकच होय. मात्र ज्यांच्यापाशी कागदच नाही त्यांनी काय करावे, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. आणि अडीच सहस्रकांनंतर तो नेमका आपल्या तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातून गेलेल्या माणसांपुढे उभा राहिला.

नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून आपले पूर्वज वाचले, अशी परंपरा सांगणारे बेने इस्रायल कोकणात तेलाचे घाणे चालवीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवून घेत, पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी गावांवरून आडनावे लावीत, आणि सुंता, शब्बाथ व आहाराचे निर्बंध निष्ठेने पाळीत. १९४८नंतर त्यांच्यातील सहस्रावधी लोक इस्रायलला गेले. दिमोना, बीरशेबा यांसारख्या वाळवंटी नगरांच्या उभारणीत त्यांनी आपला घाम गाळला. तरीही १९६२ साली तेथील सर्वोच्च धर्मपीठाने आज्ञापत्र काढले की, बेने इस्रायलांचा इतर यहुद्यांशी विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या मातृकुळाची शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत चौकशी व्हावी. या अपमानाविरुद्ध त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, आणि ऑगस्ट १९६४मध्ये नेसेटला, म्हणजे तेथील संसदेला, ते सर्वार्थाने यहुदीच आहेत असे जाहीर करावे लागले. त्यानंतर धर्मपीठानेही आज्ञापत्रातील त्यांचा नामोल्लेख गाळला.

देशोदेशी विखुरलेला समाज कुलाच्या नोंदींवर आणि विवाहाच्या नियमांवर टिकून राहिला, ही धर्मपीठाची बाजू मी हलकी लेखीत नाही. परंतु धर्मपीठ नाही, ग्रंथालय नाही, स्वधर्मीयांचा शेजार नाही, अशा स्थितीत ज्यांनी शतकानुशतके दर शनिवारी पदरचा रोजगार बुडवून आपला आचार सांभाळला, त्यांच्यापाशी पणजीच्या पणजीचा दाखला मागणे म्हणजे जो पुरावा डोळ्यांपुढे आहे तो नाकारून जो असणे शक्यच नाही त्याचा आग्रह धरणे होय. मायभूमीची पुनर्रचना करू पाहणाऱ्या कोणत्याही राष्ट्राने परतणाऱ्याची ओळख अवश्य विचारावी. पण पिढ्यान्‌पिढ्यांचा आचार ज्याच्या बाजूने साक्ष देतो त्याच्यावर सिद्धतेचा भार टाकू नये. तो भार संशय घेणाऱ्यानेच वाहावा.