मासेमारी बंदीतला लाखमोलाचा प्रश्न: बोटीचं जुनं इंजिन बांधायचं की नवं बसवायचं?

दरवर्षी १ जून आला की एकच बातमी सगळीकडे फिरते. मासेमारी बंद, ताजी मासळी महागणार. आपल्याला पापलेट आणि सुरमईच्या भावाची काळजी लागते. दोन-चार रील बनतात आणि विषय संपतो.

पण मिरकरवाड्यात, हर्णैला किंवा ससून डॉकवर ज्याची स्वतःची बोट आहे, त्याची खरी धावपळ या दिवसापासून सुरू होते. १ जून ते ३१ जुलै म्हणजे ६१ दिवस. एवढ्यात बोट वर घ्यायची, तळ घासायचा, रंग काढायचा, जाळी शिवायची आणि इंजिन बघायचं. बाकीची कामं ठरलेली असतात. इंजिनचं मात्र तसं नसतं. मेकॅनिक हेड काढतो, आत डोकावतो आणि म्हणतो, "नाखवा, काम मोठं आहे. बांधून देऊ, की नवंच टाकताय?"

या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर मोसमाच्या मध्येच, ऐन कमाईच्या दिवसांत बोट जेटीला बांधून ठेवावी लागते. कर्जाचा हप्ता तेव्हाही चालूच असतो. बोट समुद्रात असताना इंजिन बंद पडलं, तर खलाशांच्या जिवाशी गाठ पडते.

'इंजिन बांधणं' म्हणजे नेमकं काय?

कोकणातल्या बऱ्याच ट्रॉलरमध्ये ट्रकच्याच जातकुळीची डिझेल इंजिनं असतात. समुद्रासाठी त्यांना वेगळी कूलिंग यंत्रणा आणि मरीन गिअर जोडलेला असतो. अशा इंजिनात झिजणारे भाग बदलता यावेत अशीच रचना असते. लायनर, पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग नवे टाकायचे, क्रँक ग्राइंडिंगला पाठवायचा, व्हॉल्व्ह घासायचे, पंप आणि नोझल तपासून घ्यायचे. थोडक्यात सांगाडा जुना, आतला ऐवज नवा.

त्यामुळे पहिला प्रश्न सांगाड्याचा. ब्लॉकला तडा नसेल आणि क्रँक अजून ग्राइंडिंग सोसणारा असेल, तर इंजिन बांधण्यात अर्थ आहे. क्रँक दरवेळी पाव मिलिमीटरच्या टप्प्याने घासतात आणि त्यानुसार जाड बेअरिंग घालतात. हे दोन-तीनदा जमतं, कायम नाही. म्हणून जुनं इंजिन किती वर्षांचं, यापेक्षा ते आधी किती वेळा बांधलंय हे विचारणं जास्त कामाचं.

इंजिन उघडण्याआधीही ते बरंच काही सांगत असतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, बहुतेक रिंगा किंवा लायनर गेले. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. नोझल खराब असेल, हवा कमी पडत असेल किंवा पंखा इंजिनला झेपत नसेल. (बोटीचा पंखा म्हणजे पाण्याखालचा प्रोपेलर.) गरम झाल्यावर ऑइलचं प्रेशर पडत असेल तर संशय बेअरिंगवर. आणि ऑइल दुधाळ दिसलं, तर आत पाणी शिरलंय.

हे शेवटचं लक्षण सगळ्यात वाईट, कारण इथे पाणी खारं असतं. ट्रकच्या इंजिनात रेडिएटरचं पाणी शिरलं तर नुकसान होतंच. पण समुद्राचं पाणी सिलिंडरमध्ये जाऊन दोन आठवडे तसंच राहिलं, तर लायनरच्या बैठकी, ब्लॉकचा माथा आणि क्रँकचे जर्नल सगळं गंजानं खाल्लेलं सापडतं. अशा इंजिनावर किटचा खर्च करणं म्हणजे वाळवी लागलेल्या दाराला नवी कडी लावणं. माझ्या मते हा एक प्रकार असा आहे जिथे फार विचार करू नये. नवं घ्यावं.

डिझेलचं गणित, आणि त्यातली गफलत

आता पैशांकडे येऊ. १२० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन पाऊण ताकदीवर चालवलं, तर ताशी साधारण १७ लिटर डिझेल लागतं. झिजलेलं इंजिन १० टक्के जास्त पितं असं धरू. म्हणजे ताशी १.७ लिटर. दहा महिन्यांच्या मोसमात महिन्याला २० दिवस, रोज १० तास, असे २००० तास होतात. म्हणजे ३४०० लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर वर्षाला ३ लाखांच्या वर रक्कम नुसती धुरात जाते.

नवं इंजिन विकणारा नेमकं हेच गणित मांडतो. "नाखवा, तीन वर्षांत पैसे वसूल!"

गणित खोटं नाही, तुलना चुकीची आहे. तो झिजलेल्या इंजिनाची तुलना नव्याशी करतोय. मालकासमोरचा पर्याय आहे नीट बांधलेलं इंजिन की नवं. चांगलं बांधलेलं इंजिन वाया जाणाऱ्या डिझेलपैकी मोठा हिस्सा परत मिळवून देतं. समजा बांधलेल्यापेक्षा नवं ३ टक्के कमी पितं. मग वर्षाची बचत हजारेक लिटर, म्हणजे ९० हजारांच्या आसपास. बांधायला ३ लाख आणि नवं बसवायला ९ लाख लागत असतील, तर वरचे ६ लाख फिटायला साडेसहा वर्षं. कर्जाचं व्याज धरलं तर आणखी जास्त. हे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने आपल्या बोटीचे टाकून बघावेत. पण तुलना हीच करावी.

डिझेलचा भाव मात्र आपल्या हातात नसतो, हे मच्छीमारांनी मार्च २०२२ मध्ये अनुभवलं. युक्रेन युद्धानंतर घाऊक ग्राहकांसाठीचं डिझेल एका झटक्यात लिटरमागे सुमारे २५ रुपयांनी महागलं, आणि मच्छीमार सोसायट्यांचे पंप या घाऊक गटात मोडत होते. किनाऱ्यावर बोट आणि रस्त्यावर साध्या पंपापुढे कॅन घेऊन रांग, अशी वेळ आली. डिझेलवरच्या राज्याच्या कराचा परतावा मिळतो, पण तो उशिरा येतो ही तक्रार जुनीच आहे. शिवाय त्यातला एक विरोधाभास कुणी फारसा बोलत नाही. परतावा जाळलेल्या डिझेलवर मिळतो, वाचवलेल्यावर नाही. इंजिन वेळेत दुरुस्त करून डिझेल वाचवणाऱ्याच्या पदरात त्यातून काही पडत नाही.

करातही असाच कल आहे. मासेमारी बोटीच्या मरीन इंजिनावर ५ टक्के जीएसटी लागतो, हे २०१८ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं गेलं. पण ट्रकच्या स्पेअरपार्टच्या दुकानातून पिस्टन-लायनर उचलले, तर बिलावर वाहनांच्या सुट्या भागांचा दर लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तो २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तरी ५ आणि १८ मध्ये फरक राहतोच.

खरा दबाव ताकदीचा

इथवर विषय यंत्राचा होता. प्रत्यक्षात अनेक जण नवं इंजिन घेतात ते जुनं मोडलं म्हणून नाही, शेजारच्या बोटीत मोठं बसलं म्हणून.

सिंधुदुर्गात मलपीच्या हायस्पीड ट्रॉलरविरुद्धचा संताप वर्षानुवर्षं बातम्यांत आहे. कर्नाटकातून येणाऱ्या या बोटींमध्ये कितीतरी जास्त ताकदीची, अनेकदा चिनी बनावटीची इंजिनं असतात. त्या वेगानं येतात, मोठं जाळं ओढतात, आणि गस्ती नौका पोचेपर्यंत निघून जातात. हे बघितल्यावर मालवणच्या किंवा रत्नागिरीच्या मालकाला १२० ऐवजी २५० घ्यावंसं वाटलं, तर त्याला दोष कसा द्यायचा?

पण समुद्राचं एक गणित आहे. बोटीचा वेग वाढवायला लागणारी ताकद वेगाच्या जवळपास घनाच्या पटीत वाढते. ८ नॉट्सवरून ९ वर जायचं तर १ नॉटसाठी सुमारे ४२ टक्के जास्त ताकद लागते. साधारण ५० फुटांची जड बोट ९-साडेनऊ नॉट्सपुढे गेली की स्वतःच्याच लाटेवर चढायला लागते, मग कितीही डिझेल ओता. आणि मोठं इंजिन एकटं येत नाही. त्याला मोठा गिअर, जाड शाफ्ट, दुसरा पंखा आणि भक्कम पाया लागतो. कोटेशनमध्ये बहुतेकदा फक्त इंजिनाची किंमत असते.

उलट दिशेचा प्रयोगही आपल्याकडे झालाय. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने 'सागर हरिता' नावाची कमी इंधनात चालणारी मासेमारी नौका तयार केली. २०१६ मध्ये ती समोर आली. बांधणी आपल्या गोवा शिपयार्डची. तेवढ्याच आकाराच्या इतर नौकांपेक्षा तिच्या इंजिनाची ताकद सुमारे २० टक्के कमी, म्हणजे ४०० अश्वशक्ती ठेवली होती. तळाचा आकार आणि पंखा नीट असेल तर लहान इंजिनावर भागतं, हा त्यामागचा विचार. आपल्या बंदरांवर या बाजूनं फार कुणी बोलत नाही. पंख्याचा पिच बदलणं हा इंजिन बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त उपाय आहे आणि तो आधी करून बघायला हवा.

भंगारातलं इंजिन आणि कागद

तिसरी वाटही आहे. जुन्या ट्रकचं काढलेलं इंजिन स्वस्तात घेऊन बोटीत टाकायचं. इथे सावध राहिलेलं बरं. ट्रकचं इंजिन घाटात जोर लावतं आणि उतारावर विसावतं. ट्रॉलिंग करताना बोटीचं इंजिन तासन् तास एकाच जोरावर ओढत असतं. म्हणून त्याच इंजिनाची मरीन क्षमता कंपनी ट्रकपेक्षा कमी धरते. त्यात हे इंजिन कुठे, किती चाललं याचा पत्ता नसतो.

इंजिन बदललं की कागदही बदलतात, हे घाईत राहून जातं. नोंदणीत इंजिनाचा नंबर आणि ताकद लिहिलेली असते. ती जुळली नाही तर विमा, परवाना आणि डिझेल कोटा तिन्ही अडकू शकतात. १२० अश्वशक्तीवरच्या बोटींना कोटा द्यायचा की नाही, यावर राज्यात बराच वाद झालेला आहे. त्यामुळे ऑर्डर देण्याआधी सोसायटीत आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे विचारून घेतलेलं बरं. बोट आल्यावर विचारण्यात काही राम नाही.

पैसे कुठून आणायचे यावरही निर्णय फिरतो. किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही मिळतं आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात त्यावरच्या सवलतीच्या कर्जाची मर्यादा ३ वरून ५ लाख करण्याची घोषणा झाली. पण ते खेळतं भांडवल आहे. त्यातून इंजिनचं काम निघू शकतं, नव्या इंजिनाला मुदत कर्ज लागतं. बँकेनं नाही म्हटलं तर मासळी व्यापाऱ्याची उचल उरते. ती घेतली की मासळी त्याच्याच काट्यावर, त्याच्याच भावानं. इंजिन नवं होतं आणि बोट अर्धी दुसऱ्याची.

राहता राहिला वेळ. जूनच्या मध्यावर सगळ्या बंदरांतली कामं एकदम लेथवर येतात. क्रँक ग्राइंडिंगला नंबर लागतो, मेकॅनिक फोन उचलत नाही. म्हणून कॉम्प्रेशनची तपासणी आणि ऑइलची पाहणी मे महिन्यातच, बोट चालू असताना करणारे मालक जूनमध्ये निवांत असतात. बांधलेलं इंजिन जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झालं पाहिजे. म्हणजे जेटीवर काही तास चालवून, गळती बघून, हेडचे बोल्ट पुन्हा कसून, ऑइल बदलून मग १ ऑगस्टची पहिली फेरी, आणि तीही किनाऱ्याच्या जवळचीच.