छत्री ते टीव्ही: मधल्या वायरचे काय?

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, प्रसार भारती, नवी दिल्ली यांस,



डिसेंबर 2004 मध्ये 33 वाहिन्या घेऊन सुरू झालेली डीडी डायरेक्ट प्लस आज डीडी फ्री डिश या नावाने ओळखली जाते. महिन्याचे भाडे नाही, हे तिचे खरे मोठेपण. 2022 पर्यंत दूरदर्शनचे बहुतेक ॲनालॉग ट्रान्समीटर बंद झाले आणि काठीवरच्या ॲन्टेनावर सह्याद्री वाहिनी बघणाऱ्या अनेक घरांना छत्रीचाच आधार उरला. खासगी डीटीएचची जोडणी कंपनीचा माणूस करून देतो. फ्री डिशचे तसे नाही. छत्री, तिच्यावर बसणारा एलएनबी, सेट-टॉप बॉक्स आणि वायर हे सगळे गिऱ्हाईकच बाजारातून आणते. चित्र अडकू लागले की बोल लावला जातो तो छत्रीला, नाहीतर पावसाला. हे पत्र मात्र वायरबद्दल आहे.

फ्री डिशच्या वाहिन्या पाठवणारा जीसॅट-15 हा उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे. त्याचा कू बँडचा सिग्नल एलएनबी 950 ते 2150 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरवतो. जुन्या केबल टीव्हीचे काम साधारण 860 च्या आत भागत असे, त्यामुळे त्या काळची बारीक आरजी-59 वायर तेव्हा चालून गेली. वारंवारता वाढली की वायरमधली गळतीही वाढते. चांगल्या आरजी-6 मध्ये 1000 मेगाहर्ट्झला शंभर मीटरमागे सुमारे 20 डेसिबल, म्हणजे शंभरातला एकच भाग उरतो. 2150 ला सुमारे 30 डेसिबल, म्हणजे हजारातला एक. पंधरा-वीस मीटरच्या घरगुती जोडणीत एलएनबी ही तूट सहज भरून काढतो. उंच इमारतीच्या गच्चीवरून तळमजल्यापर्यंत वायर सोडायची असेल, तर मात्र जाड आरजी-11 चा विचार करावा लागतो.

दुकानदार मीटरवर वायर मोजून देतो आणि तिच्यावर ‘आरजी-6’ छापलेले असते. पण ही नावे अमेरिकी सैन्याच्या जुन्या यादीतली. आज तेवढ्या छापावरून आतल्या मालाची खात्री पटत नाही. मधली तार शुद्ध तांब्याची असू शकते, तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची असू शकते, किंवा ॲल्युमिनिअमचीही. पोलादाच्या तारेला सरसकट नावे ठेवणे चूक ठरेल. 1000 मेगाहर्ट्झचा सिग्नल तारेच्या वरच्या थरातूनच, मिलिमीटरच्या जेमतेम पाचशेव्या भागातून वाहतो, आणि तिथे तांबे असतेच. अडचण येते ती विजेची. एलएनबीला लागणारे 13 किंवा 18 व्होल्ट याच वायरीतून वर जातात आणि ते तारेच्या सगळ्या जाडीतून वाहतात. पोलादाचा विद्युतरोध तांब्याच्या कितीतरी पट असल्याने लांब वायरीत व्होल्ट घसरतात. गिऱ्हाईकाला हे ओळखणे अवघड नाही: टोक ब्लेडने खरवडावे, आतून चंदेरी निघाले तर ते तांबे नव्हे, शिवाय लोहचुंबक चिकटला तर पोलाद.

दुसरी काटकसर होते ती तारेभोवतीच्या जाळीत. फॉइलवर विरळ, चार-दोन धाग्यांची जाळी असलेली वायर स्वस्त पडते खरी, पण 1800 मेगाहर्ट्झचे 4जी एलएनबीच्याच पट्ट्यात येते आणि जवळच्या टॉवरचा सिग्नल अशा वायरीत शिरू शकतो.

कोकणात पाऊस या सगळ्यावर कडी करतो. घरात वापरायची पांढरी पीव्हीसी वायर कौलांवर टाकली की उन्हाने तिला चिरा पडतात, पाणी जाळीतून झिरपत थेट बॉक्सपर्यंत येते. बाहेर काळी पॉलिथिनची वायर, दाबून बसवलेला कनेक्टर, त्यावर पाणी न शिरणारी टेप, आणि भिंतीत शिरण्याआधी वायरीला खाली झोल, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाते. एवढे केले तरी बऱ्याच तक्रारी मिटतील.

सेट-टॉप बॉक्सच्या काही उत्पादकांना प्रसार भारतीने अधिकृत मान्यता दिली आहे. तीच पद्धत वायरलाही लावावी: 75 ओहम, तांब्याची भरीव तार, फॉइल आणि दाट जाळी, आणि शंभर मीटरला 2150 मेगाहर्ट्झवर किती डेसिबल जातात तो आकडा वेष्टनावर, मराठीसह सर्व भाषांत. मे महिन्यात, गावोगाव घरे शाकारली जात असताना, सह्याद्रीवर दहा मिनिटांचे प्रात्यक्षिक दाखवावे. त्यात ब्लेड, चुंबक आणि वायरीचे दोन तुकडे असले की पुरे.

कळावे.