लेहचं तिकीट काढण्याआधी

सातारा-सांगलीत फौजेत कुणीच नाही असं गाव शोधूनच काढावं लागेल. अपशिंगे गावाच्या तर नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. त्यामुळे लेह आणि थॉइस, ही उत्तरेच्या टोकाची दोन विमानतळं आपल्याकडच्या कितीतरी घरांत नेहमीच्या बोलण्यातली आहेत. आता मुलाला भेटायला किंवा लडाख बघायला घरची माणसंही तिकडे जाऊ लागली आहेत. त्यांना कळकळीचं सांगणं आहे: नकाशावरचं अंतर आणि तिकिटावरची वेळ बघून बेत आखू नका.

लेह ते थॉइस सरळ रेषेत जेमतेम ६० किलोमीटर. साताऱ्याहून कराडला जातो त्याहून थोडंसं जास्त. पण मध्ये साडेसतरा हजार फुटांवरची खारदुंग ला खिंड आहे. गाडीने अर्धा दिवस जातो, आणि जोराचा बर्फ झाला की वाटच बंद. श्रीनगर-लेह हवाई अंतर सुमारे २५५ किलोमीटर, विमान ते तासाच्या आत कापतं. रस्त्याने मात्र जोजिला खिंडीवरून सव्वाचारशे किलोमीटर होतात.

दिल्ली-लेह विमान सव्वा-दीड तासाचं. तेवढंच धरून लोक परतीचं तिकीट काढतात आणि फसतात. लेहची धावपट्टी डोंगरांच्या कोंडाळ्यात, १०,६०० फुटांहून उंचावर आहे. तिथली हवा विरळ, म्हणून विमानाला वजन कमी घ्यावं लागतं. ऊन चढलं की दरीत वारे सुटतात, म्हणून प्रवासी विमानं बहुतेक सकाळीच उतरतात नि उडतात. सकाळी ढग खाली आले तर ते विमान दुपारी जाईलच असं नाही, दुसऱ्या दिवसावर जातं. म्हणून लेहहून निघाल्यावर त्याच दिवशी दिल्लीहून पुण्याचं विमान धरू नका. मध्ये एक रात्र ठेवा. पुण्याहून साताऱ्याला आणखी ११० किलोमीटर आहेत, सांगलीकरांना त्याच्या दुप्पट, तेही हिशेबात घ्या.

लेह कळसूबाईच्या जवळपास दुप्पट उंचीवर आहे. आपण सव्वा तासात तिथे पोचतो, शरीर तेवढ्यात पोचत नाही. डोकं ठणकतं, मळमळतं, दोन जिने चढले तरी धाप लागते. पहिले दोन दिवस फक्त आराम करा, पाणी पीत राहा, दारूला हात लावू नका. मुलगा भेटला या आनंदात लगेच खारदुंग ला खिंडीकडे गाडी काढू नका. बसल्या जागी दम लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. रक्तदाब, हृदय किंवा दम्याचा त्रास असेल तर तिकिटाआधी डॉक्टरांना विचारा.

महाराष्ट्रातलं प्रीपेड सिमकार्ड तिथे चालत नाही. पोस्टपेड सोबत न्या.

आणि ज्यांच्या घरचा जवान सुट्टीवर यायचा आहे त्यांच्यासाठी. चौकीवरून तो आधी खाली उतरतो, मग ट्रान्झिट कॅम्प, मग थॉइस किंवा लेहहून चंदीगड-दिल्लीकडे जाणारं विमान, मग रेल्वे. यातल्या पहिल्या तीन टप्प्यांवर हवामानाचा हुकूम चालतो. सुट्टी मंजूर झाली की लगेच दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा साखरपुडा ठरवू नका. पत्रिका छापण्याआधी मुहूर्त निदान आठवडाभर पुढचा घ्या. उशीर झालाच तर ‘अजून निघाला नाहीस का?’ म्हणून त्याला तासातासाला फोन करू नका. तो तिकडे ट्रान्झिट कॅम्पात बॅग भरून आभाळ मोकळं व्हायचीच वाट बघत असतो.