वाचून दाखवणारा मोबाईल म्हणजे कॉपी नव्हे

"डॉक्टर, याच्या मेंदूसाठी एखादं टॉनिक लिहून द्या." सहामाहीचा निकाल लागला की हे वाक्य माझ्या दवाखान्यात हमखास ऐकू येतं. मूल पाचवी-सहावीतलं. गोष्ट सांगा, सगळी समजते. तोंडी विचारा, उत्तर बरोबर. क्रिकेटचे आकडे तोंडपाठ. पण पुस्तकातला परिच्छेद पुढे ठेवला की 'घर'चं 'धर' होतं, जोडाक्षराशी गाडी थांबते, मधली एक ओळच गळून जाते. बाटलीवर ब्राह्मी लिहिलेलं असो की ओमेगा थ्री, अशा मुलाला वाचायला शिकवणारं टॉनिक अस्तित्वात नाही. मी ते लिहून देत नाही. त्यावरून काही पेशंट दुसरीकडे गेलेही असतील.

या अडचणीला डिसलेक्सिया म्हणतात. हा आळस नाही आणि बुद्धीही कमी नसते. अक्षर बघून त्याचा आवाज पटकन आठवणं, हे एकच काम मेंदूला जड जातं. आपल्या देवनागरीत त्याची वेगळी परीक्षा असते: 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारताना मात्र नंतर, 'सूर्य'मधला र डोक्यावर जाऊन बसतो.

हे ज्ञान नवीन नाही. १८९६ साली इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १४ वर्षांच्या एका हुशार मुलाची हकीकत छापली होती. त्याला वाचता येत नव्हतं. पण त्याच्या शिक्षकांचं मत असं होतं, की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेत पहिला आला असता. त्या काळी त्याला सगळं वाचून कोण दाखवणार होतं? आज ते काम करणारं यंत्र तुमच्या खिशात आहे. म्हणूनच आजच्या अडवणुकीचा मला जास्त राग येतो.

छापील मजकूर मोठ्याने वाचणारं पहिलं यंत्र रे कर्झवेल यांनी १९७६ मध्ये अमेरिकेत आणलं. ते चांगलंच अवजड होतं आणि किंमत हजारो डॉलर. आज बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये मराठी वाचणारा आवाज फुकट मिळतो. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए फुकट आहे, एज ब्राउझरमधलं 'रीड अलाउड' फुकट आहे. तरीही 'लर्निंग डिसॅबिलिटी स्पेशल' असं लेबल लावलेले महागडे टॅब आणि कोर्स पालकांच्या गळ्यात मारले जातात. पैसे देण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: माझ्या फोनमध्ये नसलेलं यात नेमकं काय आहे?

आता शाळांकडे वळू. मी एखाद्या मुलासाठी चिठ्ठी दिली की उत्तर ठरलेलं असतं. "असं ऐकून शिकला तर वाचायला कधी शिकणार? आणि बाकीच्या मुलांवर अन्याय नाही का?"

पहिला प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर देतो. वाचून समजणं म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार: अक्षरं उलगडणं आणि भाषा समजणं. गफ आणि टन्मर या संशोधकांनी १९८६ मध्ये ही मांडणी केली. गुणाकारात एक आकडा शून्याजवळ गेला की दुसरा कितीही मोठा असून उपयोग नाही. डिसलेक्सियाच्या मुलाचं अक्षर उलगडणं कच्चं असतं, समज शाबूत असते. त्याला ऐकवलं नाही, तर इतिहास, विज्ञान, नवे शब्द सगळंच अडतं, आणि चार वर्षांनी त्याची समजही खरोखरच मागे पडलेली दिसते. मग आपणच त्याला 'ढ' म्हणतो.

अक्षर शिकवणं थांबवा असं मी म्हणत नाही. आवाज आणि अक्षर यांची जोडी पक्की करून घेणारं उपचारात्मक शिक्षण हवंच, आणि पहिली-दुसरीच्या मुलाला नुसता मोबाईल देऊन मोकळं होणं चूक आहे. फायद्याबद्दलही फुगवून सांगणार नाही. २०१८ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला; यंत्राने वाचून दाखवल्यास अशा मुलांचं आकलन सुधारतं, पण ही सुधारणा माफक आहे असं त्यात दिसलं. माफक, पण फुकट, आणि साइड इफेक्ट नसलेली! अशी औषधं माझ्या कपाटात फार नाहीत.

दुसरा प्रश्न अन्यायाचा. चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्या मुलाबद्दल कोणी तक्रार करत नाही. भूगोलाच्या तासाला आपण भूगोल तपासतो, वाचनाचा वेग नव्हे. शिवाय हा दयेचा मामलाही नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता हे दिव्यांगत्व म्हणून नोंदलेलं आहे. अशी मुलं लवकर ओळखणं हे शाळांचं काम असल्याचं तोच कायदा सांगतो, आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असेल तर १८ वर्षांपर्यंत पुस्तकं आणि योग्य सहाय्यक साधनं मोफत देण्याची तरतूदही त्यात आहे.

एक दोष मात्र शाळांचा नाही. अनेक मराठी पीडीएफ अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये बनवलेल्या असतात. डोळ्यांना मराठी दिसतं. यंत्राला दिसतात भलतीसलती इंग्रजी चिन्हं. मग फोन अगम्य बडबड करतो आणि पालक म्हणतात, "मराठीत हे चालत नाही." चालतं. फाईल बनवणाऱ्याने आळस केलेला असतो, आणि तो आळस मुलाच्या नावावर जमा होतो.

घरी सुरुवात अशी करा. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग फोनच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी'त जाऊन 'सिलेक्ट टू स्पीक' चालू करा. टेक्स्ट-टू-स्पीचमध्ये मराठी आवाज एकदा उतरवून घेतला की नंतर इंटरनेट लागत नाही. वेग कमी ठेवा. छापील पान असेल तर गूगल लेन्सने फोटोतून अक्षरं काढता येतात. मूल ऐकत असताना पुस्तक उघडं हवं आणि बोट ओळीवर. डोळा आणि कान एकत्र चालले पाहिजेत. रोज १५-२० मिनिटं पुरे. गणिताची चिन्हं आणि आकृत्या यंत्राला नीट जमत नाहीत, तिथे तुम्हीच बसा. हेडफोनचा आवाज इतकाच ठेवा, की शेजारून मारलेली हाक ऐकू यावी.

आणि शाळेला तोंडी विनंती करत बसू नका. लेखी अर्ज द्या, त्यात २०१६ च्या कायद्याचा उल्लेख करा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मुंबईत असाल तर दाखल्यासाठी सायन, नायर किंवा केईएम रुग्णालयात चौकशी करा. इतरत्र जिल्हा रुग्णालयात. तपासणीला वेळ लागतो, म्हणून दहावीची वाट पाहू नका. तिसरी-चौथीतच शंका आली तर तेव्हाच या.