डोक्याला मार लागून माणूस बदलतो तेव्हा

गेल्या महिन्यात मानपाड्यातल्या एका घरी पुण्यानुमोदन होतं. वंदना चालू असताना एक तरुण मोठ्याने हसला, मग जेवण कधी आहे असं विचारू लागला. दोघांनी दंडाला धरून त्याला बाहेर काढलं, एकाने कानाखाली लगावली. "पिऊन आलाय," असं सगळ्यांनी ठरवूनही टाकलं. तो प्यायलेला नव्हता. दीड वर्षापूर्वी तो बांधकामाच्या परांचीवरून पडला होता आणि त्याच्या डोक्याचं ऑपरेशन झालं होतं.

माणूस चालू-बोलू लागला की आपण म्हणतो, बरा झाला. वॉर्डात असताना मीही तेच म्हणायचे. पुढे घरात काय होतं ते वस्तीत फिरायला लागल्यावर कळलं.

कुठे काय बोलावं, समोरच्याचा चेहरा कसा वाचावा, अडलं तर दुसरी वाट कशी काढावी, ही कामं मुख्यतः कपाळामागचा मेंदू करतो. १८४८ साली अमेरिकेत रेल्वेच्या कामावर फिनिअस गेज नावाच्या मुकादमाच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. तो जगला, बोलत-चालत होता. पण स्वभाव इतका पालटला की मालकांनी त्याला जुनी जागा परत दिली नाही.

आपल्या या तरुणाला बायकोने रेशनला पाठवलं. दुकान बंद होतं. तो संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून राहिला. खिशात फोन होता, पण घरी विचारावं हे सुचलंच नाही. "किती हुशार हो तुम्ही!" असा टोमणा मारला तर तो खूश होतो. सासू म्हणते, सुनेनेच लाडावून ठेवलाय. चुलते देवऋष्याकडे न्यायला निघाले होते, तेही बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातून! ती बाई माहेरी जायच्या बेतात आहे, आणि मी तिला दोष देणार नाही.

अशा माणसाला आडून बोलू नका, सरळ सांगा. एका वेळी एकच काम द्या आणि 'दुकान बंद असेल तर घरी ये' हेही त्यातच सांगा. चारचौघांत चुकला तर तिथे वाद नको, हळूच बाजूला घ्या. दारू पूर्ण बंद. डोकेदुखी वाढली, उलट्या, झोपाळूपणा किंवा फिट आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मार लागल्यावर काही आठवड्यांनीही डोक्यात रक्त साचू शकतं.

आता सरकारचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांची यादी आहे. डोक्याच्या माराने आलेलं अपंगत्व त्यात वेगळ्या नावाने नाही. आरक्षणासारख्या लाभांना ४० टक्क्यांचा दाखला लागतो, आणि हातपाय धड दिसले की लोक म्हणतात, याला काय झालंय? नाक्यावर उभा राहणारा, उंचावर चढणारा कामगार आपल्याच घरातला आहे. यादीत हे नाव घाला, ही मागणी आपल्या संघटनांनी उचलायलाच हवी. तोवर रोजचं वागणं तारीख घालून वहीत लिहा आणि डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅनसोबत डॉक्टरांना दाखवा.

येत्या रविवारी वंदनेनंतर त्या नवरा-बायकोला मी विहारात बोलावलंय. ज्याने हात उचलला, त्यालाही.